गेटवरची झडती

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, खोलीत काय शिजवणार तेही विचारलं नाही. फाटकाची कडी काढता काढता त्यांनी विचारलं, "शेवटचं स्वप्न कधी पडलं?"

मी मानसशास्त्राची एम.ए., नाशिकरोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात नुकतीच लागलेली. कडक इस्त्रीची साडी, हातात प्रमाणपत्रांची फाइल. या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये नव्हतं, म्हणून खरं ते सांगून टाकलं. परवाच पडलं, मी वर्गात शिरते तर सगळ्या बाकांवर माझी आईच बसलेली. काका एवढे खूश झाले की त्यांनी तिथूनच आत ओरडून सांगितलं, खोली दिली म्हणून. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेऊन म्हणाल्या, "आधी नळाची वेळ सांगा तिला. स्वप्नं काय, कधीही पडतात."

हे शहाण्णव सालचं. पुढची चार वर्षं मी त्या बंगलीच्या वरच्या खोलीत काढली. मानसशास्त्र मी विद्यापीठात जास्त शिकले की त्या घराच्या ओट्यावर, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

काका प्रेसमधून रिटायर झालेले. आमच्या भागात नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरे, नोटा छापणारा सरकारी छापखाना हे पुढे सांगावं लागत नाही. छापून आलेले कागद तपासायचं काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं होतं. गठ्ठा पुढ्यात घ्यायचा, अंगठ्याने कोपरे सोडत जायचं आणि हजार सारख्या कागदांतला एक वेगळा कागद पकडायचा. कुठे एखादी रेघ पुसट, कुठे एखादा ठिपका कमी. ती नजर रिटायर झाली नव्हती. लग्नपत्रिका आली की आधी अंगठ्याने कागद चोळत, मग उजेडात धरत, मग चक्क उलटी करून बघत आणि सांगत, मुलीच्या मामाच्या नावाखालची वेलबुट्टी तुटली आहे. कोणाच्याही घरी गेले की कॅलेंडर सरळ करत. एका घरी वास्तुशांतीला गेलेले असताना त्यांनी यजमानांची नवी कोरी खिडकी तिरकी बसली आहे हे जाहीर केलं होतं. त्या घरचं पुन्हा बोलावणं आलं नाही, पण खिडकी तिरकीच होती.

उलटं का धरता, असं मी एकदा विचारलं. त्यांनी हातातला पेपर उलटा करून माझ्यापुढे धरला. "सुलटा धरला की डोळा वाचायला लागतो, मॅडम. वाचायला लागला की चूक निसटते. उलटा धरला की डोळा नुसता बघतो." मग जरा थांबून म्हणाले, "माणूसही उलटाच धरून बघायचा."

माझ्या वयाची त्यांची मुलगी होती, तरी मला ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणत. हा मान मला नव्हता, माझ्या विषयाला होता. मानसशास्त्रातही त्यांना एकच गोष्ट प्रिय, ती म्हणजे अबोध मन. व्हिएन्नाच्या त्या दाढीवाल्या डॉक्टरांना ते 'आपले म्हातारेबाबा' म्हणत आणि अशा जिव्हाळ्याने बोलत की नवख्याला वाटावं, हे गृहस्थ देवळाली गावात राहतात आणि रविवारी पत्ते खेळायला येतात. माझ्या पुस्तकांत पानंच्या पानं खर्ची पडलेली जी गोष्ट पोरांच्या डोक्यात शिरत नसे, ती काका ओट्यावर बसून चहा थंड व्हायच्या आत सांगत. इदम् म्हणजे कामगार. त्याला चहा हवा, सुट्टी हवी, बोनस हवा आणि सगळं आत्ता हवं. पराहम् म्हणजे वरचे मोठे साहेब. त्यांना काहीच पसंत पडत नाही. आणि अहम् म्हणजे मधला फोरमन, दोन्हीकडून शिव्या खाणारा. मी हे जसंच्या तसं बारावीच्या वर्गात सांगितलं. वर्गातली निम्मी पोरं प्रेसवाल्यांचीच. त्या वर्षी त्या प्रश्नाला एकाचंही उत्तर चुकलं नाही, फक्त तिघांनी पेपरात 'फोरमन' असंच लिहून ठेवलं.

पण काकांचा खरा जीव होता तो गेटवर. प्रेसमधून सुटताना रोज गेटवर झडती द्यावी लागे, साहेब असो की शिपाई. ते म्हणत, मनालाही असंच गेट असतं. आत काय काय चाललेलं असतं ते आपल्यालाही माहीत नसतं, आणि गेटवरचा पहारेकरी त्यातलं काही बाहेर जाऊ देत नाही. "आमच्या गेटवरून कागदाचा कपटा कधी बाहेर गेला नाही. मनाच्या गेटवरचा पहारेकरी मात्र रात्री पेंगतो. तेव्हा माल वेष बदलून बाहेर पडतो. त्याला आपण स्वप्न म्हणतो." मी नेट-सेटचा अभ्यास करत होते. एवढ्या स्वच्छ शब्दांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला त्यांचा जरा हेवाच वाटला.

सकाळी सहाला काका दुधाच्या केंद्रावर जात. पिशवी घ्यायला दोन मिनिटं लागत, परत यायला पाऊण तास. कारण रांगेतल्या प्रत्येकाला ते विचारत, काल काय पडलं? आणि लोक सांगत. पोस्टातले एक मास्तर पँट न घालता काउंटरवर बसल्याचं स्वप्न आठवड्यातून दोनदा बघत. काकांनी त्यांना धीर दिला की ही लाज नव्हे, ही निवृत्ती आहे, दोन वर्षांनी आपोआप थांबेल. ते दोन वर्षांनी खरंच थांबलं, आणि मास्तरांनी पेढे वाटले.

एकदा मात्र प्रकरण अंगाशी आलं. आमच्या शेजारच्या सुनेला स्वप्न पडलं की सासूबाई जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसल्या आहेत आणि पाळणा काही केल्या थांबत नाही. बिचारीने विश्वासाने सांगितलं. काकांनी त्याचा अर्थ लावला तो कॉलनीच्या सत्यनारायणाला, प्रसादाच्या द्रोणासकट, सासूबाई चार हातांवर बसलेल्या असताना. सुनेचा चेहरा पांढरा पडला. काकूंनी कपाळाला हात लावला. सगळा मांडव सासूबाईंकडे बघायला लागला. त्या शिऱ्याचा घास शांतपणे संपवून म्हणाल्या, "मलाही तोच पाळणा दिसतो. फक्त आत ही असते." मग पहिली हसली ती सूनच. त्या दिवसापासून त्या दोघी जरा बऱ्या नांदू लागल्या, आणि काकांनी ते सगळं श्रेय म्हातारेबाबांच्या खात्यावर टाकलं.

माझी आई एकदा देवळ्याहून चार दिवस राहायला आली होती. काकांनी तिलाही सोडलं नाही. आई कांद्याच्या दिवसांत पहाटे चारला उठणारी. ती पदर सावरत अहिराणीत म्हणाली, "सपन देखाले येळ कोठे शे भाऊ?" काका अर्धा तास विचारात पडले. शेवटी मला म्हणाले, तुमच्या आईंच्या गेटवरचा पहारेकरी एक नंबर आहे, अशी नोकरी मी प्रेसमध्येसुद्धा पाहिली नाही.

काकांना स्वतःला काय पडतं, असं कोणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मला स्वप्नं पडत नाहीत."

आता त्यांच्या हातांबद्दल सांगते. कुठल्याही घरातून बाहेर पडताना उंबऱ्यापाशी काका जरासे थांबत आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप वर येत. बाजूंनी, खांद्यापर्यंत. फार तर एक श्वासभर. मग हात खाली आणि माणूस बाहेर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पाठ मोकळी करत असतील. मग दुकानातून निघताना पाहिलं, दवाखान्यातून निघताना पाहिलं, सत्यनारायणाच्या मांडवातून पाय काढताना पाहिलं. बत्तीस वर्षांची झडती अंगात मुरली होती. कॉलनीला याची इतकी सवय झालेली की कोणाला ते दिसतच नसे. आणि ज्यांना अख्ख्या कॉलनीचं अबोध मन दिसत होतं, त्या काकांना स्वतःचे हात माहीत नव्हते.

हे मला काकूंनी मेथी निवडता निवडता सांगितलं. त्याच वेळी शुभाचंही सांगितलं.

शुभा त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी काका कामावरून आले की ती दारातच अडवायची. तिला कोणीतरी गेटचं सांगितलं होतं. मग हिने घरच्या गेटवर पहारेकरी व्हायचं. काकांनी हात वर करायचे, हिने खिसे चाचपायचे, आणि डाव्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी सापडली की जप्त करायची. दहावीपर्यंत हा खेळ चालला. मग शुभा कॉलेजात गेली, बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, आणि तिसऱ्या वर्षानंतर वर्गातल्याच मिलिंदशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. मिलिंद बौद्ध कुटुंबातला, शाळामास्तर. दोघं सिडकोत राहत. आमच्या घरापासून दोन बस बदलून जेमतेम तासाभराचा रस्ता, आणि मी राहायला आले तेव्हा काका त्या रस्त्याने वर्षभर गेलेले नव्हते. ओरडले नाहीत, आदळआपट केली नाही. फक्त तिचं नाव घ्यायचं सोडलं.

लग्नानंतर महिन्याभराने त्यांना तिच्या कपाटात एक पुस्तक सापडलं. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, बी.ए.चं क्रमिक पुस्तक, खाकी कव्हर घातलेलं, आत तिचं नाव. तिने हिरव्या शाईने खुणा केलेल्या. या मुलीच्या डोक्यात तीन वर्षं काय चाललं होतं ते बघावं, म्हणून काकांनी पुस्तक उघडलं. आधी त्यातल्या छपाईच्या चुका काढल्या, पेन्सिलने, एकूण एक. मग जिथे जिथे हिरवी रेघ होती तिथे तिथे थांबून वाचलं. सगळ्यात जास्त हिरव्या रेघा अबोध मनाच्या प्रकरणात होत्या. काकांचं सगळं शास्त्र आलं ते तिथून. मी ते पुस्तक पुढे पाहिलं. काकांना पाठ असलेली एकही ओळ अशी नव्हती, जिच्याखाली हिरवी रेघ नव्हती.

काका म्हणत, राग जातीचा नाही, राग न सांगितल्याचा आहे. हे ते न विचारताच सांगत. मी मान हलवायची.

काकू दर गुरुवारी भजनी मंडळाला जात. हे मंडळ सिडकोत शुभाच्या घरी भरे आणि त्यात दोघीच असत, हे पूर्ण कॉलनीला ठाऊक होतं. जो माणूस हजार कागदांतला एक पुसट ठिपका पकडतो, त्याला हे कळलं नसेल असं मानायला मी तयार नव्हते. त्यात बुधवारी संध्याकाळी काका स्वतः बाजारात जाऊन शेवग्याच्या शेंगांची मोठी जुडी आणत. काका शेवगा खात नसत. त्यांना त्याचा वासही चालत नसे. पिशवी ओट्यावर ठेवून ते दर बुधवारी तेच बोलत, स्वस्त मिळाल्या. आणि गुरुवारी शेंगा भजनाला जात.

असं आणखी दोन वर्षं चाललं, आणि चालत राहिलंही असतं. पण काकांनी माझी खोडी काढली.

आईने त्या सुमारास माझ्यासाठी सटाण्याचं एक स्थळ आणलं होतं. फोटो पाठवायचा होता. मी पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. ते तिथे महिनाभर राहिलं. रोज पोस्टाच्या पेटीवरून मी जायची. एका रविवारी ओट्यावर पर्समधून पेन काढताना पाकीट खाली पडलं. काकांनी उचललं, तिकिटाचा कोपरा अंगठ्याने चोळला आणि म्हणाले, "पाकीट पर्समध्ये राहत नसतं, मॅडम. ठेवलेलं असतं. तुम्हाला तो मुलगा नको आहे आणि आईला नाही म्हणायची हिंमत नाही."

ते तंतोतंत खरं होतं, म्हणूनच मला भयंकर राग आला. आयुष्यात एवढ्या वरच्या आवाजात मी घरमालकाशी बोललेली नाही. मी म्हटलं, "आणि काका, तुम्ही दारातून निघताना हात का वर करता?"

काकांना कळेना. कसले हात? मी दाखवले. ते हसले, म्हणाले, भलतंच. मग त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "रोज करता. रिटायर झाल्यापासून एक दिवस चुकला नाही."

काका उठले. घरात गेले आणि दारातून बाहेर आले. हात वर आले. त्यांनी ते वर आलेले हात पाहिले, पहिल्यांदाच पाहिले. पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. या वेळी हात घट्ट मुठी करून अंगाशी धरलेले, तरी उंबऱ्यावर खांदे उचललेच. अशा त्यांनी सकाळभर फेऱ्या मारल्या. समोरच्या बंगल्यातून विचारणा झाली की डॉक्टरांनी कुठला नवा व्यायाम सांगितला आहे का, आणि गुडघ्यांना चालेल का. मला आधी हसू येत होतं, मग येईना. काका शेवटी पायरीवर बसले. चेहरा ओढलेला नव्हता, उलट नवीन मशीन पाहिल्यासारखा कुतूहलाने भरलेला. ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यातही आहे."

अबोध मन म्हणजे दुसऱ्यांना असतं, अशीच त्यांची आतापर्यंतची समजूत होती.

पुढचे दोन दिवस दुधाच्या रांगेत कोणालाच प्रश्न विचारला गेला नाही. लोक चुकल्याचुकल्यासारखे घरी गेले. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले होते, तर काका ओट्यावर ते खाकी कव्हरचं पुस्तक घेऊन बसलेले. मला म्हणाले, जरा बसा. मी बसले.

"मी स्वतःला उलटा धरून कधी बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. "काल बघितलं. मॅडम, मी सगळ्यांना सांगतो, तिने सांगितलं नाही म्हणून राग आला. ते खोटं आहे. सांगितलं असतं तर मी नाहीच म्हणणार होतो, आणि तिला ते माहीत होतं. म्हणून तर नाही सांगितलं. जातीचंच होतं ते. मी ते दुसऱ्याच्या नावाच्या पासवर गेटमधून बाहेर काढलं."

त्यांनीच पुढे सांगितलं. प्रेसमध्ये त्यांच्या शेजारच्या टेबलावर वीसेक वर्षं एक बौद्ध सहकारी होता. दोघं एका डब्यात जेवत. त्याच्या घरच्या लग्नाला काका वाढपी म्हणून उभे राहिले होते. "त्यामुळे मला वाटायचं, आपल्यात हे नाहीच. डब्यापर्यंत नव्हतं. मुलीपर्यंत आलं तेव्हा होतं."

त्या क्षणी मला काका फार आवडले. माझ्या विषयातली मोठी मोठी माणसं मी नंतर ऐकली, पण स्वतःची चूक इतक्या स्वच्छ उजेडात धरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

"रविवारी जाऊ," काका म्हणाले. आत काकूंचं दूध उतू गेलं. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा उतू गेलं, असं काका पुढे कौतुकाने सांगत, आणि अर्थही सांगत.

मी बरोबर यावं असा हट्ट त्यांनी धरला. कारण काय, तर विषयाचा माणूस सोबत असलेला बरा. खरं कारण असं की त्यांना धीर होत नव्हता. सिडकोच्या बसमध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं, त्याला काय म्हणायचं? मिलिंद म्हणायचं, की सर म्हणायचं, की जावईबापू म्हणायचं? काकू खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, आधी नमस्कार म्हणा. चहा घेऊन लगेच निघायचं, असंही काकांनी वाटेतच ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी फार बसू नये. हात मात्र आज काबूत ठेवायचे, पाठीमागे बांधायचे, हेही ठरलं. मुलीच्या घरी पहिल्यांदा जायचं आणि निघताना झडती द्यायची, हे बरं दिसत नाही.

शुभाने दार उघडलं. ती आणि काका एकमेकांकडे बघत राहिले, आणि काकूच दोघांमधून वाट काढत आत गेल्या. खोली लहान, स्वच्छ. मिलिंद खुर्चीतून उठून उभा राहिला. उंच, शांत माणूस. त्याने नमस्कार केला, पण पुढे येऊन गोड गोड बोलला नाही. मला ते आवडलं. तीन वर्षांनी आलेल्या माणसाला एवढं तरी वाटायला हवं.

चहा आला. काकांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच अडकली. बुद्धाची तसबीर डाव्या बाजूला जराशी कललेली होती. मी मनात म्हटलं, काका, आज नको. पण काका उठले, तसबिरीपुढे उभे राहिले, दोन बोटांनी ती हलकेच सरळ केली, मागे होऊन बघितलं, पुन्हा केसभर हलवली. मग तिला हात जोडून नमस्कार केला आणि तसेच मिलिंदकडे वळले.

"मिलिंदराव, माझ्याकडून तपासणीत चूक झाली," ते म्हणाले. "खोट कागदात नव्हती. डोळ्यात होती."

मिलिंदने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्या आईला पण वर्षभर राग होता. ती म्हणायची, जे लोक आपल्या दारात येणार नाहीत, त्यांच्या मुलीशी आपणच का हसून राहायचं. तिला शुभाने जिंकलं. तुम्ही यायला उशीर केलात."

काकांनी मान डोलावली. हे त्यांना कबूल होतं. आता बोलायचं काय, तर त्यांना एकच गोष्ट येत होती. त्यांनी विचारलं, "स्वप्नं पडतात का तुम्हाला?"

"एक पडतं," मिलिंद म्हणाला. "तुम्ही येता. चहा घेता आणि दारातूनच परत जाता."

माझ्या माहितीत हे पहिलं स्वप्न, ज्याचा त्यांनी अर्थ सांगितला नाही. शुभा उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांड्यांचा उगीच मोठा आवाज यायला लागला.

पण काका ठरल्याप्रमाणे वागणारा माणूस. चहा संपला आणि ते उठले. म्हणाले, निघतो आता. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. मिलिंद उठून उभा राहिला. शुभा दारापाशी आली. काकांनी चपला घातल्या, हात पाठीमागे नेले, बोटांत बोटं गच्च अडकवली आणि उंबऱ्यापाशी आले.

बोटं सुटली. हात वर आले, बाजूंनी, खांद्यापर्यंत. काकांचा चेहरा कानकोंडा झाला, पण हात काही खाली येईनात.

शुभा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तोंडावर हसू नव्हतं, अगदी कामावरच्या माणसाचा चेहरा होता. तिने उजवा खिसा वरून चाचपला. मग छातीचा खिसा चाचपला. मग डावा. डाव्या खिशापाशी तिचा हात थांबला. तिने आत हात घातला आणि कागदाची एक छोटी पुडी बाहेर काढली. पुडी उघडली. लिमलेटच्या गोळ्या होत्या, पिवळ्या आणि नारिंगी.

काका पुडीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. खरंच सांगते, त्या माणसाला काही माहीत नव्हतं. सकाळी दूध घेताना कधीतरी घेतल्या असणार, आणि गेटवरून कशा बाहेर आल्या हे त्यांचं त्यांना कळलं नव्हतं.

"माल सापडला," शुभा म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आता सोडता येणार नाही. जेवूनच जायचं."

काकांचे हात अजून वरच होते. ते खाली आले ते तिच्या खांद्यांवर. मिलिंदने मागून हात घालून दार लावून घेतलं.

जेवायला शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. शेंगा कुठून आल्या, हे कोणी विचारलं नाही. काकांनी आमटी दोनदा मागून घेतली.